वधूमातेची साडी

लग्नघरात कपड्यांची यादी निघाली म्हणजे तिचा क्रम ठरलेला असतो. प्रथम नवरीचा पोशाख, मग नवऱ्या मुलाचा. त्यामागून विहीणबाईंचा मान, करवल्यांचे फ्रॉक, मामा-काकांचे सदरे आणि लहान मुलांचे बूट. कागद भरत येतो, खालच्या कोपऱ्यात दोन बोटे जागा उरते, आणि तेव्हा कोणाला तरी आठवण होते, "आणि आईला काय घ्यायचे?" आई चुलीपुढून उत्तर देते, "मला काय करायचे आहे? पेटीत आहेत की!" यादी मिटली जाते आणि कोणाच्या मनाला यत्किंचितही बोचणी लागत नाही.

आपल्या भाषेनेही याबाबतीत थोडा पक्षपातच केला आहे. नवऱ्या मुलाच्या आईला तिने 'वरमाय' असा भारदस्त शब्द दिला. तिचे रुसवेफुगवे, तिचा मानपान यांच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. नवरीच्या आईच्या वाट्याला मात्र 'वधूमाता' हा पुस्तकी शब्द आला आणि तोही निमंत्रणपत्रिका छापण्यापुरता. बोलताना आपण म्हणतो, "नवरीची आई कुठे आहे?" उत्तर बहुधा एकच असते, "आत आहे, आचाऱ्याकडे."

आम्ही तिघी बहिणी. थोरली लग्न होऊन पुण्यास गेली, मधली बेळगावात नांदते, आणि धाकटीचे लग्न गेल्या हिवाळ्यात, नाताळ आणि राखेचा बुधवार यांच्या मधल्या दिवसांत, खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या चर्चमध्ये झाले. बाबांना देवाघरी जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. त्या सहा वर्षांत आईने काळ्याखेरीज दुसरा रंग अंगाला लावला नव्हता. आमच्या लोकांत शोकाचे काळे वस्त्र वर्षभर नेसतात. वर्षाची मिस्सा झाली की पुष्कळ बायका ते ठेवून देतात. आईने ते ठेवले नाही. आम्हीही कधी विचारले नाही. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट हळूहळू दिसेनाशी होते, तसे आईचे ते काळेपण आम्हाला दिसेनासे झाले होते.

लग्न ठरले तेव्हा मात्र ते एकाएकी दिसू लागले, आणि आम्ही तिघी तीन दिशांनी धावलो. थोरलीने पुण्याहून मोबाईलवर छायाचित्रांचा पाऊस पाडला. त्यांतील साड्यांवर इतके खडे आणि टिकल्या होत्या की खालचे कापड शोधावे लागे. मधलीचे म्हणणे असे की, लग्न एकदाच आहे, तेव्हा चांगली जड रेशमी साडी घ्यावी आणि पैसे हप्त्याहप्त्याने फेडावेत. धाकटी नवरी तेवढी काही मागत नव्हती. ती एवढेच म्हणे, "काळी नको."

आईने सर्वांचे ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, "माझी काळी रेशमी आहे, ती धुऊन इस्त्री करीन. मला कोण बघतो? पानांचे, वाढण्याचे मलाच बघायला हवे. तुम्ही विहीणबाईंची साडी नीट आणा, तिच्यात कमी पडू देऊ नका."

प्रथम आम्हाला हा तिचा काटकसरीचा स्वभाव वाटला. आई डेअरीला दूध घालते आणि त्या पैशातला रुपयान् रुपया वहीत मांडून ठेवते. विहीणबाईंसाठी तिने पाच हजार बाजूला काढले होते. स्वतःसाठी, आम्ही फारच आग्रह धरला तर, दोन हजार. परंतु एका संध्याकाळी जपमाळेनंतर धाकटीने विचारले, "आई, चर्चमध्ये मला वेदीकडे कोण नेणार?" आई म्हणाली, "काका नेतील." "आणि तू?" "मी मागे असेन." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी कळले ते असे. पूर्वी एका लग्नात एक विधवा बाई नवरीच्या पुढे गेली म्हणून मागच्या बाकावर कुजबुज झाली होती, आणि ती आईने ऐकली होती. ती बाई आई नव्हती. पण ते शब्द तिने आपल्या पेटीत जपून ठेवले होते, काळ्या साडीच्या घडीत.

म्हणजे प्रश्न साडीचा नव्हताच. आमच्या आईने लेकीच्या लग्नात कोठे उभे राहावे, हा तो प्रश्न होता. तो सुटल्याशिवाय कोणत्याही दुकानात जाऊन उपयोग नव्हता.

आमचे धर्मगुरू वयाने वडीलधारे आहेत. लग्नाच्या कागदपत्रांसाठी ते घरी आले असता आम्ही ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली. त्यांनी प्रवचन केले नाही. चहा घेता घेता ते आईला म्हणाले, "बाई, तुम्ही लहान होता तेव्हा गावातली वडील माणसे सांगत असतील, पूर्वी मृतांच्या मिस्सेला धर्मगुरूचा झगा काळा असे. आज तुम्ही आम्हाला बहुधा जांभळ्या किंवा पांढऱ्या झग्यात पाहता. हे कशाने झाले ठाऊक आहे?" आणि त्यांनी सांगितले की, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीसंबंधी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात म्हटले आहे की ख्रिस्ती माणसाच्या अंत्यविधीतून ख्रिस्ताच्या मरणाचे आणि पुनरुत्थानाचे रहस्य अधिक स्पष्ट दिसावे, आणि वस्त्रांचा रंगही त्या दृष्टीने, त्या त्या देशाच्या रीतीप्रमाणे ठरवावा. काळा रंग बंद झाला नाही, परंतु तो एकमेव राहिला नाही. "ख्रिस्तसभेने आपल्या शोकाचा रंग बदलला, बाई, कारण तिला आशा आहे. मग तुमचेच काळे एवढे चिवट का?"

आई हसली नाही, पण ऐकत होती. फादर पुढे म्हणाले, "आपल्या जुन्या करारात यहुदीथची गोष्ट आहे. तीही विधवा होती. पती गेल्यावर तिने तीन वर्षांहून अधिक काळ शोकवस्त्रे नेसली. पण लोकांसाठी पुढे होण्याची वेळ आली तेव्हा तिने ती उतरवली, आणि पती हयात असताना सणासुदीला जी वस्त्रे नेसत असे ती काढून नेसली."

यावर आई म्हणाली, "फादर, तिला सेनापतीचे डोके कापायचे होते. मला तर फक्त भात वाढायचा आहे."

फादर मोठ्याने हसले आणि आम्हीही हसलो. सहा वर्षांत आईच्या तोंडून विनोद निघाला तो आम्ही प्रथमच ऐकला. पण फादरांनी विषय सोडला नाही. निघताना त्यांनी सांगितले की, १९६९ साली जो नवा विवाहविधी रोमहून प्रसिद्ध झाला, त्यात प्रवेशाच्या मिरवणुकीसंबंधी सूचना आहे: स्थानिक रीतीप्रमाणे वधूवरांसोबत निदान त्यांचे आईवडील आणि दोन साक्षीदार चालू शकतात. वडिलांनी मुलीला एकट्याने नेऊन सोपवावे, असे त्या विधीत कोठेही नाही. "त्यात आई आहे, बाई. विधवा असेल तर मागे राहावे, असे लिहिलेले मला तरी आढळले नाही."

राहिले काका. ते बाबांचे धाकटे भाऊ; बाबा गेल्यापासून आमच्या शेताचे, घराचे सर्व त्यांनी पाहिले. पुतणीला वेदीपर्यंत नेण्याचा मान त्यांचा, असे गावाने धरले होते, आणि त्यांनी त्यासाठी नवा कोट शिवायलाही टाकला होता. त्यांना कसे सांगावे, या विचारात आम्ही दोन दिवस घालवले. शेवटी त्यांनीच ते ओसरीवर बसून मिटवले. "वहिनी, पोरीचा हात तुम्हीच धरा. दादा असता तर तो एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला असता. दादा नाही म्हणून तुमची बाजू का रिकामी ठेवायची? मी कोट घालून पहिल्या बाकाशी उभा राहीन. कोट काही वाया जात नाही."

आई उठून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "शनिवारी बेळगावला जाऊ. दुधाचा हिशेब शुक्रवारी मिळतो."

असो. आता साडीची निवड. या कामी आम्ही जे शिकलो ते वाचक भगिनींच्या उपयोगी पडेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

शहापूर, वडगाव, खासबाग ही बेळगावची विणकरांची ठिकाणे. साडीसाठी शहापूरला जाणे ही आमच्याकडची जुनी वहिवाट आहे. ज्या दुकानात आम्ही गेलो तेथील मालकांनी गादीवर साड्यांचा ढीग घातला. आईने पहिली अट सांगितली, "पांढरी नको, ती नवरीची." हे खरे आहे. पांढऱ्या लग्नपोशाखाची चाल काही फार पुरातन नव्हे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४० साली आपल्या लग्नात पांढरा पोशाख केला, त्यानंतर ती दूरवर पसरली. परंतु आता आपल्या नवऱ्यामुलींनी तो रंग आपलासा केला आहे, आणि आईने त्याच्या जवळपास जाऊ नये हेच शोभते. गंमत अशी की, आमच्या शेजारपाजारच्या हिंदू घरांत पांढरे हे वैधव्याचे आणि आमच्यात काळे. रंगांना स्वतःचे काही म्हणणे नसते. जे काही असते ते माणसांचे.

थोरलीने आणलेली छायाचित्रे दाखवताच मालकांनी तशा साड्या काढल्या. दिसायला झगमगीत खऱ्या. पण आईने पदर खांद्यावर घेतला, मान वळवली, आणि गळ्यातल्या माळेचा क्रूस खड्यांत अडकला. शिवाय ते कापड कृत्रिम धाग्याचे. दुपारी मांडवात दोन तास उभे राहावयाचे म्हणजे अंग उकडून निघावयाचे. मधलीच्या आवडीची जड जरीची साडी हातात घेतली तर ओझेच वाटले. वधूमातेला त्या दिवशी बसायला मिळत नाही, हे जड साडी निवडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. म्हैसूर सिल्क आम्हा सर्वांनाच आवडले. १९१२ साली म्हैसूरच्या महाराजांच्या काळी सुरू झालेल्या कारखान्याची ही साडी अंगावर पाण्यासारखी बसते आणि वजनाला हलकी. पण किंमत पाहून आईने हात मागे घेतला, आणि कर्जाचा शब्द निघताच ती उभीच राहिली. "लेकीच्या लग्नात आईने उसनवारीची साडी नेसली, तर ती दर महिन्याला आठवते," ती म्हणाली. याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तेव्हा मालकांनी मागच्या फळीवरून इरकली काढल्या. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावचे हे विणकाम; आमच्या आज्यांची नऊवारी लुगडी याच जातीची असत. आम्ही बहिणींनी नाके मुरडली, हे कबूल केले पाहिजे. आम्हाला ती 'रोजची' वाटली. पण मालक जाणकार होते. त्यांनी पदर उलटून दाखवला. अंगाचे उभे धागे निराळे आणि पदराचे निराळे. विणकर ते फासे घालून एकमेकांत गुंफतो आणि मग पुढे विणतो. दुरून सांधा दिसत नाही, बोट फिरवले की लागतो. लाल पदरावर पांढरी नक्षी, काठ रुंद, आणि वजन असे की दिवसभर नेसावे.

आईने एका साडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ही चालेल." आमचे चेहरे पडले, कारण ती काळीच होती. मालक हसले. त्यांनी साडी उचलली आणि दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन धरली. ती हिरवी होती! गर्द, पावसातल्या भातशेतासारखी हिरवी. दिव्याच्या उजेडात तिचा रंग झाकला गेला होता. आई दारात उभी राहून तिच्याकडे पाहत राहिली. आम्ही काही बोललो नाही. काही वेळा न बोलणे हेच शहाणपण असते. थोड्या वेळाने तिने विचारले, "कितीला?"

साडेतीन हजार. आईच्या दोन हजारांत ती बसत नव्हती. पण हिशेबात आई आमच्यापेक्षा हुशार. तिने विचारले, "याच जातीची डाळिंबी रंगाची आहे का?" होती, त्याच किमतीची. "मग दोन्ही द्या. डाळिंबी विहीणबाईंना." पाच आणि दोन मिळून सात हजार, ते दोन सारख्या भागांत वाटले गेले. आम्ही म्हटले, "विहीणबाईंना राग तर येणार नाही ना?" आई म्हणाली, "त्यांना जी दिली तीच मी नेसले, यात कमीपणा कोणाचा?" मानपानाचा एवढा मोठा प्रश्न इतक्या थोडक्यात सुटलेला आम्ही पूर्वी पाहिला नव्हता. दुकानातून निघताना प्रत्येकीने पुन्हा एकदा रंग उन्हात पाहून घ्यावा, हा पहिला धडा आम्हाला तेथे मिळाला.

दुसरा धडा घरी मिळाला. साडी आणली, तिला फॉल लावला, म्हणजे काम संपले असे नव्हे. ती नेसून जे जे करावयाचे आहे ते ते आधी करून पाहावे. आईला आम्ही साडी नेसवली आणि चर्चच्या पायऱ्या समजून ओसरीच्या पायऱ्या चढायला लावले. मग जपमाळेच्या वेळी ती घरच्या वेदीपुढे गुडघे टेकून बसली आणि उठताना निऱ्या पायाखाली आल्या. निऱ्या बोटभर वर घेतल्या तेव्हा ठीक झाले. नव्या चपलेच्या टाचा उंच होत्या. त्या बदलून सपाट घेतल्या. हात वर करून लेकीला कवटाळता येते का, हेही पाहिले. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या रोसासाठी मात्र आईने जुनी साडीच काढून ठेवली. नारळाच्या रसाचे आणि तेलाचे डाग नव्या कापडाला कशाला, हा तिचा हिशेब बिनचूक होता.

पोलक्यासाठी आम्ही लाल कापड आणणार होतो. तेथे मात्र आईने ऐकले नाही. ती स्वतः गुळेदगुड्डच्या खणाचा एक काळा तुकडा घेऊन आली. त्यावर बारीक वेलबुट्टी होती. "पोलके याचे शिवा. हात कोपरापर्यंत ठेवा." धाकटीचा चेहरा उतरला. आई तिला जवळ घेऊन म्हणाली, "एवढे असू दे. तुझ्या बाबांनाही बरोबर न्यायला हवे ना?" त्यावर आम्ही तिघींपैकी कोणीही बोलू शकली नाही. आम्ही काळे काढून टाकायला निघालो होतो. तिला ते आपल्या जागी ठेवायचे होते. दुःख पूर्ण अंगभर नेसणे निराळे आणि त्याला हृदयाजवळ जागा देऊन वरून हिरवे नेसणे निराळे. हा भेद आम्हाला कोणी शिकवला नव्हता.

लग्नाच्या दिवशी सकाळी दहाची मिस्सा होती. चर्चची घंटा झाली, मिरवणूक दारात उभी राहिली. काका नव्या कोटात पहिल्या बाकाशी ताठ उभे होते. पांढऱ्या पोशाखात धाकटी आणि तिच्या डाव्या बाजूस आई, असे दोघी चालू लागल्या. दारातून ऊन आत आले होते, त्या उन्हात ती साडी दुकानाच्या दारात दिसली होती तशीच दिसली. मागच्या बाकांवर कुजबुज झाली, हे आम्ही लपवणार नाही. आम्ही कान टवकारून होतो. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "किती दिवसांनी दिसली ग ही!" त्या बाईने आईला रविवारच्या रविवारी पाहिले होते. तरी तिचे म्हणणे आम्हाला खरे वाटले.

विहीणबाई डाळिंबी इरकली नेसूनच आल्या होत्या. मिस्सेनंतर दोघी विहिणी अंगणात शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा छायाचित्रकाराने, न सांगता, त्यांचे एक निराळे छायाचित्र काढले. मांडवात गावच्या तरुण मुलींनी आईला घेरले. "मावशी, हिरव्या साडीवर काळे खणाचे पोलके! ही कल्पना कोणाची? हल्लीची फॅशन हीच आहे." आई म्हणाली, "फॅशन माझ्या घरचीच आहे," आणि पान वाढायला निघाली. आम्ही तिला आत जाऊ दिले नाही. काकांनी तिच्यासाठी वधूवरांच्या शेजारी खुर्ची मांडून ठेवली होती. ती बसली, मात्र दर पाच मिनिटांनी मान उंचावून पंगतीकडे पाहत होती.

संत योहानाने कानाच्या लग्नाची हकीगत लिहिली आहे. त्या लग्नात येशूची आई होती, हे तो प्रथम सांगतो. ती काय नेसली होती, हे तो सांगत नाही. पाहुण्यांचा द्राक्षारस संपला हे तिच्या ध्यानात आले, एवढे सांगतो. सगळ्या आया अशाच असतात. लग्नात त्यांचे लक्ष दुसऱ्यांच्या पानाकडे असते. म्हणून तर त्यांच्याकडे लक्ष देण्याचे काम दुसऱ्या कोणी तरी करायला हवे. ज्या घरी यंदा मुलीचे लग्न निघाले असेल, तेथील मुलांना आमचे एवढेच सांगणे आहे की, यादीचा कागद उलटा धरा आणि आईचे नाव आधी लिहा. ती "पेटीत आहेत" म्हणेल. त्या पेटीत साड्यांबरोबर आणखी काय घडी करून ठेवले आहे, ते तिच्याजवळ बसून एकदा विचारा; दुकानाला त्यानंतर जा.

ती हिरवी साडी आई आता गावच्या सणाला नेसते, नाताळच्या मिस्सेला नेसते. येत्या वर्षी थोरलीच्या मुलाचे प्रथम कम्युनियन आहे, त्याही दिवशी तीच नेसणार असे तिने सांगून ठेवले आहे. जुन्या काळ्या साडीचे तिने काय केले, हे आम्ही विचारले नाही. परवा मधली माहेरी गेली तेव्हा घरच्या वेदीवर, क्रूसाच्या खाली, नवे काळे आच्छादन पसरलेले तिला दिसले. त्याचा काठ ओळखीचा होता.